दारावरची विक्री आणि आपली भीड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मंडळाच्या वाढदिवशी मला चार शब्द बोलायला सांगितले, हा तुम्हा सर्वांचा मोठेपणा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. अशी उभी राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "विषय तुम्हीच निवडा." मुलांचे संगोपन, घरगुती औषधे, काटकसर असे पुष्कळ विषय डोळ्यांपुढे आले. पण एक गोष्ट माझ्या मनात पाच वर्षे रुतून बसली आहे. ती बोलल्याशिवाय दुसऱ्या कशावर बोलायला माझी जीभ उचलणार नाही. म्हणून मी विषय घेतला आहे, दारावर येणारी विक्री आणि आपली भीड.

मी १९९८ साली लग्न होऊन सणसरला आले. तेव्हा आपल्या दारावर कोण कोण येत असे ते आठवून पाहा. कासारीण यायची. बोहारीण यायची, जरीचे जुने लुगडे बघून पातेले द्यायची. वैदीण सुया, पोत, बिब्बे घेऊन यायची. वडारीण पाट्याला टाकी लावून द्यायची. कल्हईवाला पारावर भाता लावून बसायचा आणि नवसागराचा वास साऱ्या आळीत पसरायचा. घिसाडी गावाबाहेर पाल ठोकून विळे-खुरपी करून द्यायचे. बुरुडाकडून सुपे-टोपल्या घ्यायच्या.

सासूबाई फार हिशेबी. कल्हई लावून भांडी आली, की फडक्याने घासून बघायच्या आणि मगच पैसे द्यायच्या. एका वर्षी एका पातेल्याची कल्हई दोनच महिन्यांत उडाली. त्या काही बोलल्या नाहीत, पातेले माळ्यावर ठेवून दिले. पुढच्या वर्षी कल्हईवाला आला तेव्हा आधी ते पातेले त्याच्यापुढे ठेवले. त्याने निमूटपणे फुकट कल्हई लावून दिली. कासारणीचेही तसेच. भरताना बांगडी फुटली तर ती तिच्या पदरची, आपल्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. सुगीवर दाणे देऊ म्हटले तर ती सुगीपर्यंत थांबायची.

मला त्या वेळी वाटायचे, ही माणसे किती प्रामाणिक! आता कळते, की त्यांच्या प्रामाणिकपणाला एक आधार होता. त्यांना परत यायचे होते. ज्याला पुढच्या वर्षी त्याच उंबऱ्यावर उभे राहायचे आहे, तो आज तुम्हाला फसवून कसा जाईल? गावाचा सारा व्यवहार या एका गोष्टीवर चालत असे.

पुढे रस्ते झाले, मोटारसायकली आल्या, आणि दुसऱ्या प्रकारचे विक्रेते येऊ लागले. आज आले, उद्या नाहीत. आपल्या गावी तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना किती दुकाने लागतात! माळा, बुक्का, तसबिरी, प्लास्टिकची भांडी. त्यांतले बहुतेक कष्टाचे खाणारे असतात, त्यांना नावे ठेवायची नाहीत. पण घेतलेली वस्तू दुसऱ्या दिवशी बिघडली तर पालखी अंथुर्ण्याच्या वाटेला लागलेली असते. तेव्हा अशी वस्तू घेताना ती परत करता येणार नाही असे समजूनच किंमत करावी.

याच प्रकारात काही लबाडही आहेत. कोणी चिठ्ठी खरडायला देतो आणि "ताई, तुम्हाला मिक्सर लागला, फक्त अर्धे पैसे भरा" म्हणतो. कोणी दागिने उजळून देतो म्हणतो. भगिनींनो, ही दुसरी गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्याच्या पाण्यात तेजाब असते आणि तेजाबात सोने विरघळते. बांगडी लखलखीत होऊन परत येते, पण वजनाला कमी भरते. तुमचे सोने त्याच्या वाटीत राहते. दागिना उजळायचा तो ओळखीच्या सोनाराकडे, आपण समोर बसून.

पण या लोकांना आपण ओळखतो. दार लावून घेतो, कडी घालतो. आज मला सांगायचे आहे ते तिसऱ्या प्रकाराबद्दल. त्याला दार लावता येत नाही, कारण तो विक्रेता आपलीच जाऊ, नणंद, मैत्रीण, शेजारीण असते. आणि इथे मला कोणा दुसरीचे उदाहरण शोधायला नको. ती विक्रेती मीच होते.

२०१९ सालच्या दिवाळीनंतर माहेरच्या ओळखीतली एक बाई माझ्याकडे आली. अंगावर चांगली साडी, हातात बॅग. म्हणाली, "घरबसल्या धंदा आहे. साडेचार हजार भरायचे, डबे-बाटल्यांचा एक संच मिळतो. तुझ्या हाताखाली पाच जणी कर, त्या त्यांच्या हाताखाली पाच-पाच करतील. तुला बसल्या जागी पैसे." मुलीची बारावी होती, पुढच्या फीची काळजी होती. उसाचे बिल कधी हाती येते आणि कुठे जाते ते तुम्हाला सांगायला नको. दूध घालून साठवलेले साडेचार हजार मी तिच्या हातावर ठेवले.

आता बायका आणायच्या कुठून? मला कोण ओळखत होते? तुम्हीच. संक्रांत आली. दरवर्षीप्रमाणे मी हळदीकुंकू केले. तुम्ही नटूनथटून आलात. मी हळदीकुंकू लावले, वाण दिले, तिळगूळ दिला; आणि तिळगूळ तुमच्या हातात असतानाच आतून डबे आणून मांडले. ते डबे मांडताना माझा हात थोडा कापला होता, हे आज सांगते. पण मी मांडले. रथसप्तमीपर्यंत नऊ जणींनी पैसे भरले. त्या नऊ जणींतल्या एकीनेही "नको" म्हटले नाही. त्याचा मला तेव्हा आनंद झाला होता. आज वाटते, एकीने जरी म्हटले असते तर बरे झाले असते. पण कशी म्हणणार? माझ्या घरी, माझ्या पाटावर, माझे कुंकू कपाळी लावून?

माझ्या मुलीने मला एक गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेत टपरवेअर नावाच्या कंपनीचे प्लास्टिकचे डबे दुकानांत खपेनात. ब्राउनी वाइज नावाच्या बाईने ते घरोघरी बायकांची बैठक भरवून विकून दाखवले. १९५१ साली कंपनीने दुकानांतली विक्री बंद करून सारी विक्री घरच्या बैठकींतून सुरू केली. १९५४ साली त्या बाईचा फोटो तिथल्या मोठ्या साप्ताहिकावर छापला गेला आणि १९५८ साली कंपनीने तिला काढून टाकले. वस्तू वाईट नव्हती, डबे चांगलेच होते. पण मला त्यात एक गोष्ट दिसली. दुकानात बाई दहा डबे बघून रिकाम्या हाताने परत येते. मैत्रिणीच्या घरी चहा पिऊन रिकाम्या हाताने उठणे तिला जड जाते. सातासमुद्रापलीकडे तेच आणि सणसरलाही तेच. भीड भिकेची बहीण, असे आपल्या आज्या म्हणत आल्या, ते उगीच नाही.

आता पैशाचा हिशेब सांगते. नऊ जणींमागे मला पाचशेप्रमाणे साडेचार हजार मिळाले, म्हणजे माझे भरलेले परत आले. पण "वरची पायरी टिकवायची तर माल उचलावा लागतो" असे सांगून माझ्याकडून आणखी सहा हजारांचा माल घेववला. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. डबे कपाटात राहिले आणि वरची बाई फोन उचलेनाशी झाली.

पैशाचे एक वेळ जाऊ दे. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. त्या मालात एक पावडर होती. वरची बाई सांगायची, की ही घेतली की साखरेचा आजार मुळापासून जातो, गोळ्या सुटतात. मी स्वतः कोणाला "गोळ्या बंद करा" असे म्हणाले नाही. पण ती बाई माझ्या घरात बसून तसे सांगत होती तेव्हा मी शेजारी बसून मान हलवत होते. आमच्या शेजारच्या नानींनी ते ऐकले. त्यांना दहा वर्षांचा साखरेचा आजार. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि पावडर सुरू केली. फाल्गुनात त्यांच्या पायाला जखम झाली, ती भरेना. बारामतीला नेले तेव्हा साखर चारशेच्या वर गेली होती. पायाची दोन बोटे काढावी लागली.

मी दवाखान्यात गेले तेव्हा रडत त्यांच्या पायाशी बसले. मला वाटले, नानी मला बोलतील, शिव्या देतील. त्या एवढेच म्हणाल्या, "मी काय त्या डब्याकडं बघून घेतलं नव्हतं पोरी. तुझ्याकडं बघून घेतलं."

भगिनींनो, मी काय विकत होते ते मला त्या वाक्याने कळले. पावडर कंपनीची होती. पण खपत होता तो वीस-बावीस वर्षांत तुमच्यात राहून मिळवलेला माझा भरवसा. तो मी पाचशे रुपयांना एक, या भावाने विकला.

नानींची परवानगी घेऊनच मी हे आज इथे सांगितले आहे.

त्यानंतर मी मुलीला घेऊन तो हिशेब मांडायला बसले. तो तुम्हीही घरी जाऊन मांडून पाहा, सातवीचे गणित पुरते. मी एक. माझ्या खाली पाच. त्यांच्या खाली पंचवीस. पुढे १२५, ६२५, ३,१२५. आठव्या पायरीला ३,९०,६२५ बायका लागतात. आपल्या इंदापूर तालुक्यातल्या साऱ्या लेकीसुना मोजल्या तरी तेवढ्या भरायच्या नाहीत. दहाव्या पायरीला ९७,६५,६२५ लागतात. २०११ च्या जनगणनेत सगळ्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख होती, तीही पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत! म्हणजे ही साखळी तुटणारच. आणि तुटते तेव्हा कोण बुडते? मी आणि माझ्या खालच्या पहिल्या दोन पायऱ्या मिळून एकतीस जणी होतात; त्यांतल्या पंचवीस शेवटच्या पायरीवर असतात, त्यांच्या खाली कोणी नसते. साखळी कितीही लांबवा, शंभरातल्या ऐंशी जणी शेवटच्याच पायरीवर राहतात. माझ्या नऊ जणी त्याच होत्या.

याबद्दल कायदा आहे, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. माणसे जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम केले. त्यांत माणसांवर माणसे रचून पैसा मिळवण्याची साखळी चालवायला आणि तिच्यात कोणाला ओढायलाही मनाई केली आहे. विक्रेत्याने आधी विचारल्याशिवाय आणि ओळखपत्र घेतल्याशिवाय घरी येऊ नये, आपण कोण, कोणत्या कंपनीचे, काय विकायला आलो हे आधीच सांगावे, किंमत आणि माल परत करण्याची अट सांगावी, मागणीचा कागद द्यावा, असे त्यांत आहे. जी बाई अशी विक्रेती होते तिलाही वाजवी मुदतीत करार मोडून घेतलेल्या मालाचे पैसे परत मागता येतात. मधुमेहासारखा आजार बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि त्या कायद्यात तोंडी सांगणेही जाहिरातीतच धरले आहे. म्हणजे माझ्या घरात जे बोलले गेले, तो गुन्हा होता आणि मी मान हलवत होते.

तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी पडत नाही. पण पावती हवी. माझ्याकडे एकही पावती नव्हती. ओळखीत कसली पावती मागायची, असे मला वाटले होते. ती पुन्हा भीडच.

यावरून कोणी असे समजू नका, की मी दारावरच्या विक्रीच्या विरुद्ध आहे. उन्हातान्हात पाठीवर पिशवी घेऊन फिनेल, केरसुण्या विकणारा पोरगा दारात आला तर त्याला आधी पाणी द्या. तोही कोणाचा तरी मुलगा आहे. आणि बायकांनी विकू नये असे तर मुळीच नाही. १९५९ साली मुंबईला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा लिज्जतचा पापड झाला आणि तो आज घरोघरी आहे. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या बायकांनी पापड विकला. आपल्या बचत गटातल्या बायका मसाला, शेवया, लोणची विकतात, त्याही वस्तू विकतात. पैसा कशातून मिळतो, एवढेच बघायचे. वस्तू खपली म्हणून मिळतो, का नवी बाई जोडली म्हणून? दुसरे उत्तर आले की पिशवी उचलून निघायचे.

सासूबाई मला सांगायच्या, "दारी आलेल्याला पाणी द्यावं, शब्द देऊ नये." मी पाणी आणि शब्द दोन्ही दिले. त्या बोलण्यावरून मला मंडळापुढे चार सूचना ठेवाव्याशा वाटतात. पटल्या तर घ्या.

पहिली, हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसे आणि मंडळाची सभा, इथे कोणीही काहीही विकू नये. ज्या घरी आपण कुंकू लावून घेतो त्या घरी पाकीट उघडायची वेळ येऊ नये.

दुसरी, पाचशे रुपयांच्या वरची वस्तू दारावर किंवा मैत्रिणीकडे त्याच दिवशी घेऊ नये. "उद्या मंडळात दाखवते, मग सांगते" असे म्हणावे. आपण नेहमी "मालकांना विचारते" म्हणतो. त्याऐवजी मंडळाचे नाव घ्या. खरी वस्तू एक दिवस थांबते.

तिसरी, कोणाच्याही सांगण्यावरून डॉक्टरांची गोळी बंद करू नये, आणि आपल्यापैकी कोणी केली असे कळले तर गप्प बसू नये. नुसती मान हलवणारी बाईही त्यात वाटेकरी असते.

चौथी, आपल्या बायकांच्या मालासाठी मंडळाने वर्षातून दोनदा विक्रीचा दिवस ठेवावा. टेबलावर माल, मालावर किंमत, हवे ते घ्यावे, नको ते ठेवावे. शेजारी बसून कोणी आग्रह करू नये.

आता माझे शेवटचे. त्या नऊ जणींचे चाळीस हजार पाचशे रुपये मी दुधाच्या पैशांतून थोडे थोडे परत केले. २०२२ च्या दिवाळीत शेवटचा हप्ता दिला. एका काकूंनी ते घेतले नाहीत, म्हणाल्या, "तुझ्या लेकीच्या फीला घाल." ते पैसे मी मंडळाच्या पेटीत टाकले. पण पैसे परत गेले म्हणजे सारे परत आले असे नाही. त्या वेळी तीन जणींनी मंडळात येणे सोडले. दोघी पुन्हा येऊ लागल्या. एक अजून येत नाही. रस्त्यात भेटली की मान खाली घालून जाते, जणू चूक तिची होती. तिने घरात न सांगता ते पैसे भरले होते आणि त्यावरून तिला काय काय ऐकावे लागले ते मला नंतर कळले.

तिचे नाव मी घेणार नाही. पण ही स्मरणिका तिच्या घरी जाईल, कारण ती आजही मंडळाची सभासद आहे. तेव्हा हे शब्द तिने वाचावेत एवढ्यासाठी सांगते: बाई, चूक माझी होती. तू मला नाही म्हणाली नाहीस, हा तुझा दोष नव्हता. येत्या संक्रांतीला मी हळदीकुंकू करणार आहे. तिळगूळ असेल, वाण असेल, आणि दुसरे काही नसेल. तू ये. आणि यावेसे वाटले नाही तर येऊ नकोस, तुला नाही म्हणता आले याचाही मला आनंदच होईल.